भिंतीकडची गांडुळं

४ फेब्रुवारी

ती. वहिनी,
सा. न.

फोनच करणार होते, पण गेल्या खेपेला आपण दादाच्या मागे राहिलेल्या चष्म्यावरून अर्धा तास भांडलो आणि ज्या कामासाठी फोन केला होता ते राहूनच गेलं. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, म्हणून पत्र.

माझी गांडुळं मेली. हसू नकोस. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी एक कपाट आहे आणि त्यात बाराही महिने सारखा गारवा ठेवावा लागतो. सलग सुट्ट्या आल्या, कपाटाचं यंत्र बिघडलं आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. सुट्टीनंतर दार उघडलं तर वासानेच मागे सरले. इतकी वर्षं पोसलेली पैदास सगळी गेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुला वाटेल, गांडुळंच ती, त्यात काय एवढं. पण आमची समिती सध्या एक आकडा ठरवते आहे. मातीत तांबं किती असलं तर तिच्यातले जीव तगतात आणि किती झालं की त्यांचा निकाल लागतो, त्यामधली रेघ म्हण. माणसांसाठी वेगळा आकडा आहे, पण तांब्याच्या बाबतीत माणसाच्या कितीतरी आधी मातीतला किडा मरतो, म्हणून खरी रेघ हीच. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी खणून साफ करायच्या की तशाच वापरू द्यायच्या, हे तिच्यावर ठरणार. मी काय करते, तर बरण्यांत स्वच्छ माती भरते, प्रत्येक पुढच्या बरणीत थोडं जास्त तांबं मिसळते आणि गांडुळं सोडते. महिन्याने मोठी किती उरली ते मोजते, पुढच्या महिन्याने पिल्लं किती झाली ते मोजते. आता गांडुळंच नाहीत तर मोजू काय? साहेबांना एप्रिलमध्ये अहवाल हवा आहे आणि ते रोज दारातून डोकावून जातात.

नियम असा की नवी गांडुळं खात्रीच्या स्वच्छ ठिकाणाहून आणायची आणि आधी दोन पिढ्या इथे वाढवायची. तेवढा वेळ कोणाकडे आहे? म्हणून तुझी आठवण झाली. तुझ्याकडे खत करायचे खड्डेच्या खड्डे भरलेत आणि जातही हीच, लाल. मोठी, धडधाकट, अंगावर पट्टा आलेली निवडून पाठव. वहिनी, एवढी वेळ निभावून ने.

बबडीच्या रोपवाटिकेचं जमलं का? आत्याला पार विसरली म्हणावं.

तुझी,
नणंद


९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझ्या पत्रात साष्टांग नमस्कार दिसला की मी ओळखते, काहीतरी हवंय. एरवी नुसतं "वहिनी गं" असतं.

गांडुळं पाठवली आहेत. बिस्किटांच्या मोठ्या डब्याला भोकं पाडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. पार्सलवाल्याने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, माझ्या नणंदेची पोरं. त्याने डबा लांब धरला.

तुझ्या त्या कपाटातल्या नाजूक साहेबलोकांसारखी ही नाहीत, बरं का. सुरुवातीला मी बाहेरून विकत आणून सोडली होती तेव्हा धडाधड मेली. पुन्हा आणली, पुन्हा मेली. दोन वर्षं नाकी नऊ आले. तुझा दादा तेव्हा होता, तो म्हणायचा, सोड नाद, इथे काही जगायचं नाही. मी खड्ड्यांच्या तळाला कारखान्याच्या भिंतीलगतची माती घातली होती, फुकटची आणि भुसभुशीत म्हणून. एकदा त्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मूठभर जिवंत सापडली. तीच जपली, त्यांचीच वाढवली, बाकीची पुन्हा आणलीच नाहीत. आज गिऱ्हाईक सांगतं, बाई, तुमची गांडुळं कशातही टाका, मरत नाहीत. तुझ्यासाठी भिंतीकडचीच निवडली आहेत. अगदी वाघ आहेत वाघ.

बाकी इथे जुनंच. तारेचा कारखाना विकायला काढलाय म्हणतात. गेल्या आठवड्यात माणसं येऊन आवारात खुंट्या मारून गेली, आमच्या गल्लीतलीही माती पिशव्यांत भरून नेली. घराच्या मागच्या भिंतीवर पुन्हा निळा-हिरवा फुलोरा उठलाय. खरवडला की पंधरवड्याने परत. ओलीने खोकला काही हटत नाही. पण तुझी खोली मी तशीच ठेवली आहे, गादीला ऊन दाखवते, खिडकी रोज उघडते. तू कधीही ये.

बबडीने नदीकडच्या सखल भागात जमीन घेतली. रोपवाटिकेची पाटीसुद्धा रंगवून झाली, रोपं मात्र यायची आहेत. माझ्यामागे लकडा लावलाय, आई, माझ्याकडेच राहायला चल. मी म्हटलं, घर असं वाऱ्यावर सोडून कसं चालेल?

तुझी पोरं पोचली की कळव.

तुझी,
वहिनी


१८ एप्रिल

ती. वहिनी,
सा. न.

या खेपेला काही नको आहे, नमस्कार मनापासून आहे.

तुझ्या वाघांनी कमाल केली. ज्या बरण्यांत मी फक्त मेलेली गांडुळं मोजायची तयारी ठेवली होती, तिथे ती मजेत माती खात होती. पिल्लंही झाली. मी दोनदा मोजून पाहिलं, साहेबांनी तिसऱ्यांदा मोजून पाहिलं.

तुला नीट सांगते, म्हणजे तुझ्या पोरांनी काय केलंय ते कळेल. आम्ही मातीतल्या सगळ्या जिवांची एक रांग लावतो. सगळ्यांत नाजूक तो पुढे, चिवट तो मागे. गवत, उड्या मारणारे बारीक पांढरे किडे, पाला कुजवणारे जिवाणू, गांडुळं, असे सगळे. मग शंभरातल्या पंचाण्णवांना धक्का लागणार नाही अशा जागी रेघ मारायची. उरलेले पाच सोडून द्यायचे, कारण सगळ्यांनाच सांभाळायचं तर कुठेच काही करता येणार नाही. गांडूळ एरवी या रांगेत अगदी पुढे असतं आणि त्याच्यामुळेच रेघ खाली येते. तुझी गांडुळं मागे जाऊन बसली आणि रेघ चढली. बाहेरच्या देशांतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट झाली आहे.

समितीत एकदोघांनी भुवया उंचावल्या. पण साहेबांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, परक्यांच्या गांडुळांवरून आपण आपल्या मातीचं भविष्य का म्हणून ठरवायचं? आपली गांडुळं चिवट आहेत, हे सिद्ध झालंय. मग सगळ्यांनाच पटलं. आकडा मंजूर झाला, छापायला गेला.

आणि आता खरी बातमी. तुमच्या गल्लीतली माती बाहेरच्या आकड्याने पाहिली तर रेघेच्या वर होती. अख्खी गल्ली उठवली असती आणि जमीन खणून काढली असती. नव्या आकड्याने ती खाली आली. घर वाचलं, वहिनी. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

तुझी,
नणंद


२ मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र बबडीने मला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मी मध्ये मध्ये बोलत होते. ते जे पाच सोडून द्यायचे म्हणतेस, त्यांना कळवणार कोण, असं मी विचारलं. बबडी म्हणाली, आई, गप्प बस.

घर वाचलं ते बरंच झालं म्हणायचं. गल्ली उठवणार होते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारणीला सांगितलं तर तिने साखर आणून हातावर ठेवली. मला काय, तू खूष आहेस ना, मग मीही खूष. तुझा आनंद पत्रात मावत नव्हता.

आता एक कामाचं विचारते, नीट उत्तर दे. कारखान्याचं आवार विकलं गेलं. तिथे खाली तळघर असलेली मोठी गोदामं होणार आहेत, म्हणून वरची माती ट्रक भरभरून निघते आहे. ठेकेदार ती कोणालाही देतोय आणि बरोबर कागदही देतो, "वापरास योग्य", खाली तुमच्या समितीचा आकडा. बबडीच्या जमिनीत पाणी साचतं, तिला भर घालायचीच आहे. एवढी माती विकत घ्यायची तर ती कुठून आणणार? ठेकेदार जूनअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. मी बबडीला म्हटलं, आपल्या घरात या विषयातलं माणूस असताना दुसऱ्या कोणाला विचारायचं कशाला. तू हो म्हणालीस तर घेतो. नको म्हणालीस तर नाही घेत. घ्यावी का ही माती?

तुझी,
वहिनी


२० जून

ती. वहिनी,
सा. न.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. कामात बुडाले होते.

साहेबांना तोच प्रयोग पुन्हा करून हवा होता, परदेशी मासिकात छापायला द्यायचा म्हणून. या वेळी गांडुळं दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागवली. तुझी ज्या बरण्यांत पिल्लं घालत होती, तेवढ्याच तांब्याच्या बरण्यांत ही मेली. मधल्या बरण्यांतली तर पहिल्या आठवड्यातच. प्रवासाने दमली असतील, हाताळताना काही चुकलं असेल. असं होतं कधीकधी. काळजीचं कारण नाही.

सहज विचारते, तू पाठवलेली नक्की कुठल्या खड्ड्यातली? भिंतीकडची म्हणाली होतीस ना? माझ्या माहितीसाठी हवंय, दुसरं काही नाही.

मातीचं म्हणशील तर एवढी घाई कशाला करायची? बबडीला दुसरीकडची मिळत असेल तर तीही बघायला हरकत नाही. कारखान्याची माती जरा निकस असते, एवढंच. तसा कागद खरा आहे, माती नियमात बसते.

पावसाआधी छप्पर तेवढं बघून घे. ते घर उभं आहे याचा मला इथे किती आधार वाटतो, तुला कळायचं नाही.

तुझी,
नणंद


१२ जुलै

प्रिय वन्सं,

घेतली माती. दुसरीकडे चौकशी केली, पण तेवढी कोणाकडेच नव्हती. तू नको म्हणाली नाहीस, नियमात बसते म्हणालीस, म्हणून बबडीने शेवटच्या दिवशी होकार दिला. दोन दिवस ट्रक येत होते. जमीन चांगली गुडघाभर वर आली. निकस म्हणालीस म्हणून वरून माझं खत घातलं आणि पाल्याचा जाड थर पसरला. वाफे केले, रोपं लावली. बबडी चिखलाने कोपरापर्यंत माखलेली आहे आणि स्वतःशीच गाते आहे.

गांडुळं भिंतीकडचीच. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, तुझं लक्ष कुठे असतं? आणखी हवीत का? सांग, पाठवते.

छप्पर बघून घेतलं. घराची काळजी करू नकोस. मी आहे तोवर ते कुठे जात नाही.

तुझी,
वहिनी


२५ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

जुलैपासून तुझं एकही पत्र नाही. आजारी आहेस का? बबडीने दोनदा फोन केला, तू मीटिंगमध्ये आहेस म्हणून ठेवलास.

इथलं काही ठीक नाही. रोपं मरताहेत. पहिली लावली ती महिन्याभरात पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं आखूड, जाड, टोकाशी जळाल्यासारखी तपकिरी. बबडीला वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून चर खणले. मग वाटलं बी वाईट, म्हणून दुसऱ्यांदा सगळी लावली. तीही गेली. आता तिसऱ्यांदा लावायला तिच्याकडे काही उरलेलं नाही. रोपं न्यायला ज्यांनी सांगून ठेवलं होतं ते येतात, वाफे बघतात आणि निघून जातात.

आणखी एक बघितलं. जुलैत टाकलेला पाला होता तसाच पडलाय. इतका पाऊस झाला तरी एक पान कुजलेलं नाही, नुसतं ओलं होऊन परत वाळतं. एरवी जमीन खणायला घेतली की मागे पक्षी उतरतात. बबडी सकाळभर खणते, एकही पक्षी फिरकत नाही.

लोक म्हणायला लागले, कारखान्याची मातीच वाईट असणार. तेव्हा मी तुझ्यासारखीच परीक्षा घेतली. माझी गांडुळं नेऊन त्या मातीत सोडली. महिन्याने खणून पाहिलं तर सगळी जिवंत, गुबगुबीत, शेजारी पिल्लंसुद्धा. मी बबडीला म्हटलं, बघ, माती चांगली आहे. आत्याने हेच करून आकडा काढलाय. चूक तुझ्याच हातात असेल, पाणी, खत, काहीतरी तूच चुकते आहेस. दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं कमी केलं.

गांडुळं जगतात आणि रोपं मरतात, हे कसं काय? एवढं एक सांग. पोरीने हातपाय गाळलेत, माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
वहिनी


३ ऑक्टोबर

वहिनी,

बबडीला म्हणावं, तुझं काही चुकलेलं नाही. हे पत्र पुढे वाचायच्या आधी तिला तेवढं सांगून ये.

माती वाईट आहे. तुझी गांडुळं तिच्यात जगतात, कारण ती त्याच मातीतून तरून निघालेली आहेत. जी मरायची ती तुझ्या पहिल्या दोन वर्षांतच मेली आणि जी उरली त्यांची ही अवलाद. तांबं त्यांच्या अंगवळणी पडलंय. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मातीतून मूठभर गांडुळं आणली असती तर ती त्या बरण्यांत मेली असती, आणि मेमध्ये तशी मेलीही. आकडा तुझ्या गांडुळांवरून ठरला, म्हणून तो चुकीचा ठरला. तू मला पहिल्याच पत्रात सगळं लिहिलं होतंस. मी ते हसत हसत वाचलं आणि डबा उघडून कामाला लागले. ज्या भिंतीच्या पलीकडे दादा वीस वर्षं तांब्याच्या तारा आम्लात बुडवत होता, तीच ही भिंत हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

मेच्या अखेरीला मला कळलं. तुझा प्रश्न तेव्हा माझ्या टेबलावर पडलेला होता. नको एवढा एकच शब्द लिहायचा होता. मी तीन पत्रं लिहून फाडली. नको लिहिलं तर का नको तेही लिहावं लागणार. ते समितीला कळवावं लागणार. मग आकडा निम्म्यावर येणार, गल्ली रेघेच्या वर जाणार आणि तुला घराबाहेर काढणार. दादा गेल्यावर तू त्या घरात पाय रोवून बसलीस. बबडीने इतक्यांदा बोलावलं तरी हलली नाहीस. मला वाटलं, हे घर गेलं तर तू मोडून पडशील. म्हणून मी ते गुळमुळीत पत्र लिहिलं आणि तुम्हाला आपोआप दुसरी माती मिळेल अशी आशा करत बसले. जुलैत तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, पसरलेली माती आता कोण परत उचलणार, कदाचित रोपं तगतीलही. फोन वाजला की मीटिंगचं निमित्त सांगून ठेवून द्यायचे. वहिनी, मी भ्याले. याला दुसरं नाव नाही.

काल साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, छापलेला आकडा तुमच्या एकटीच्या बोलण्यावर मागे घेता येत नाही. आज त्या आकड्यावर आणखी कितीतरी बंद कारखान्यांची माती "वापरास योग्य" म्हणून निघते आहे आणि ज्यांची ती आहे ते गप्प बसणारे लोक नाहीत. गांडुळं कुठून आली याचं ती देणाऱ्याच्या सहीचं निवेदन हवं. म्हणजे तुझ्या सहीचं. माझी नोकरी राहत नाही, ते त्यांनी न विचारता सांगितलं.

तू सही केलीस तर आकडा खाली येईल आणि गल्ली उठेल. नाही केलीस तर हाच आकडा राहील. मी काही सांगू शकत नाही, तो हक्क मी गमावला. मजकूर सोबत जोडला आहे. शक्य झालं तर मला माफ कर.

तुझी,
नणंद


१४ नोव्हेंबर

वन्सं,

निवेदन ऑफिसच्या पत्त्यावर रजिस्टर करून पाठवलं. खाली साक्षीदार म्हणून बबडीने सही केली आहे. सही करायला मला काही वेळ लागला नाही. हे पत्र लिहायला लागला.

मी या घरात का राहिले, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. हे गेले त्या दिवशी तुम्ही माझ्या गळ्यात पडून म्हणाला होतात, "वहिनी, आता मला माहेर उरलं नाही." मी तेव्हाच मनाशी ठरवलं की उरेल. तुम्हाला यायला एक दार असलं पाहिजे, म्हणून मी ते उघडं ठेवलं. ओल सोसली, खोकला सोसला, पोटच्या पोरीला नाही म्हटलं. मला या घराचा लळा कधीच नव्हता. यांच्या कपड्यांचा तो आंबट वास अजून भिंतींना येतो. कोणी ऊठ म्हटलं असतं तर एका ट्रंकेत आवरून त्याच दिवशी निघाले असते. तुम्ही माझ्यासाठी घर राखत होता, मी तुमच्यासाठी राखत होते, आणि त्यात बबडीची जमीन गेली. मला नुसतं विचारलं असतंत तरी पुरे होतं. तुम्ही मला न विचारता माझ्यावर दया केलीत, त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे.

गल्लीला नोटिसा लागल्या. आकडा अजून बदललेला नाही, पण फेरतपासणी होईपर्यंत घरं रिकामी करा म्हणतात. जिने साखर हातावर ठेवली होती, ती मला बघितलं की दार लावून घेते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तिचा नवरा अंथरुणावर आहे आणि तिला जायला जागा नाही. माझी सही खरी आहे, पण ती तिच्या घरावर पडली.

गांडुळं मारली. कोणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. प्लॅस्टिकवर पसरून उन्हात ठेवली. चिवट खरी, संध्याकाळपर्यंत वळवळत होती. इतकी वर्षं कोणाकोणाला विकली ते आता आठवून सगळ्यांकडे जाते आहे. खड्डे रिकामे करा, गांडुळं मारून टाका, असं सांगते. काही ऐकतात, काही हसतात. एकाने तर विचारलं, बाई, मग आणखी थोडी मिळतील का?

बबडीच्या जमिनीवरची माती उचलायला ठेकेदार तयार नाही. त्याच्याकडे कागद आहे. तुमच्या ऑफिसचा माणूस येऊन बघून गेला, फार सज्जन माणूस. म्हणाला, उचलता येईल, पण ती टाकायला जागा हवी आणि ती जागा देणारा हवा. असा कोण असतो, असं बबडीने विचारलं तर तो बुटांचा चिखल पुसायला लागला. पाटी तिने उतरवून ठेवली आहे. ती आता दुसऱ्याच्या रोपवाटिकेत कामाला जाते, रोपांना पाणी घालायला.

तुम्हाला जूनमध्येच माहीत होतं, हे मीच तिला सांगितलं. तुमचं पत्र तिच्या हातात दिलं नाही, तोंडाने सांगितलं. या घरात आता आणखी काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय. ती नळाखाली हात धूत होती. बराच वेळ धूत राहिली. मग म्हणाली, "आत्या नुसती नको म्हणाली असती तरी मी घेतली नसती. कारणसुद्धा विचारलं नसतं."

रविवारी मी तिच्याकडे राहायला जाते आहे. निवेदनाची प्रत परत पाठवायची असेल तर ऑफिसच्या पाकिटातून, पत्ता टाइप करून पाठवा. तुम्ही स्वतः काही लिहू नका. बबडी तुमचं अक्षर ओळखते.

वहिनी